मंडळी बाहेर बसलीय

चौकात गराडूची कढई लागली की आमच्या देवासात थंडी आली म्हणायची. कंदाच्या फोडी तेलात खरपूस तळतात, वर मसाला भुरभुरतात, लिंबू पिळतात. माणसं उभ्या उभ्या खातात, जीभ भाजते, तरी खातात. यंदा मी पहिला द्रोण हातात घेतला आणि कढईच्या बाजूनं भोंग्याची रिक्षा गेली. "भाइयों और बहनों, आपका अपना, आपके बीच का..." पुढचं नाव ऐकू आलं नाही. द्रोण हातातच गार झाला.

शेतकऱ्याला दोन मोसम, खरीप आणि रब्बी. आम्हा निवडणूकवाल्यांना तिसरा, पाच वर्षांनी येणारा. सोयाबीन निघून गेलेलं असतं, गव्हाला पाणी चाललेलं असतं, लोकांना जरा बसायला फुरसत असते, आणि नेमकं तेव्हाच आमचं पीक वर येतं. झेंडे, बिल्ले, झेंडूचे हार, हात जोडून हसणारी तोंडं. मी त्या पिकाचा जुना शेतकरी. दोनदा काढलं, तिसऱ्यांदा जळालं. लोक अजून मला विधायकजी म्हणतात. महाराष्ट्रातले पाहुणे आमदार म्हणतात. घरी ती यातलं काहीच म्हणायची नाही. "अहो" म्हणायची, आणि फार राग आला की "विधायकजी".

मागच्या वर्षी याच थंडीत ती गेली. त्यामुळे यंदाचा हा मोसम मला ओळखूच येत नाहीये. रिक्षा तीच, गाणी तीच, हारांचा वास तोच. फक्त घरी आल्यावर "पाय धुवा आधी, गावाची सगळी धूळ घेऊन आलात" असं कोणी म्हणत नाही. मी मग धुतच नाही पाय. धूळ घेऊन तसाच बसतो.

*

आमचे लोक पिढ्यांमागे संस्थानाबरोबर इकडे आले. वडील पागेत होते. संस्थान गेलं, घोडे गेले, आणि वडिलांनी देवीच्या टेकडीच्या खालच्या बाजूला पिठाची चक्की टाकली. दरबार सुटला, पण बोलणं दरबारातलंच राहिलं. आमची मराठी बरणीतल्या लोणच्यासारखी आहे. बाहेर काय काय बदललं ते तिला ठाऊक नाही, ती आपली मुरतेय. बायकोचं नाव घ्यायचं नाही, तिला "आमची मंडळी" म्हणायचं, हे मी वडिलांच्या तोंडून ऐकलं आणि तसंच म्हणत आलो. एकदा पुण्याचा भाचा आला होता. त्याला म्हटलं, "आमची मंडळी धारला गेलीय." तो म्हणाला, "सगळीच? मग मामा, जेवायचं काय?" ती आल्यावर तिला सांगितलं तर पदर तोंडाला लावून हसली. म्हणाली, "खरंच आहे त्याचं. मी काय एकटी आहे होय? चक्कीवाली मी, स्वयंपाकीण मी, तुमच्या आईची नर्स मी. मंडळीच आहे मी."

त्या शब्दानंच पुढं घात केला. पण ते मग सांगतो.

*

मी आठवी नापास. मला राजकारणात कोणी आणलं असेल तर चक्कीनं. ज्याच्या घरी धान्य दळायचं असतं तो डबा ठेवून जात नाही, तिथंच बसतो. आपलं पीठ दुसऱ्याच्या पिठात मिसळेल ही सगळ्यांना भीती. बसला की बोलतो. नळाला पाणी नाही, मुलाला शाळेत घेत नाहीत, भाऊ जमीन देत नाही. पट्ट्याच्या आवाजात ओरडून बोलावं लागतं, म्हणून आमच्या चक्कीवर गुपित असं काही नव्हतं. मी पीठ झाडता झाडता ऐकायचो, आणि दुपारी कचेरीत जाऊन भांडून यायचो. मला भांडता यायचं. तेवढंच यायचं.

आधी पार्षद, म्हणजे नगरसेवक, झालो. मग एका वर्षी पार्टीतले दोन मोठे एकमेकांचे पाय ओढत बसले आणि वरच्यांनी चिडून म्हटलं, कोणी तिसरा द्या, ज्याचं कोणाशी वैर नाही. तो तिसरा मी. लोकांनी नाव ठेवलं, पीठवाला. मी तेच धरून बसलो. सभेत कपाळाला पीठ लावून उभा राहायचो. सतवासच्या बाजारात बोललो, "मी तुमच्या घरची भाकरी ओळखतो, कोणाच्या गव्हात किती खडे ते मला ठाऊक." हशा, टाळ्या. निवडून आलो.

भोपाळला गेलो. मोठ्या खुर्चीत बसलो. पहिलं वर्षभर मी तिथं तोंड उघडलं नाही, कारण सगळे पुस्तकी हिंदी बोलायचे आणि माझी हिंदी चक्कीची. मग एकदा लहान चक्कीवाल्यांच्या विजेबद्दल उठून बोललो. घाम फुटला, पण बोललो. खोटं सांगत नाही, काही कामंही केली. रस्ते झाले, एक शाळा झाली, डोंगराकडच्या काही पाड्यांवर हातपंप बसले. ते सगळं मी मोजून सांगू शकतो.

चक्की कोण चालवत होतं, ते मात्र मी कधी भाषणात सांगितलं नाही.

ती चालवत होती. सकाळी शटर वर करायची, पट्टा चढवायची, डबे उचलून धान्य ओतायची. दगड गुळगुळीत झाले की टाकी लावावी लागते, छिन्नीनं दगडाला खाचा पाडायच्या. ते काम माझं. मी भोपाळहून येईपर्यंत दगड तसेच राहायचे आणि पीठ भरड यायचं, बायका कुरकुर करायच्या. मग एक दिवस आलो तर पीठ बारीक. मी विचारलं, "टाकी कोणी लावली?" तिनं हात पुढं केले. बोटांना चिरा पडलेल्या, हळद भरलेली. मी म्हणालो, "शाबास." विधायक झाल्यावर मी सगळ्यांनाच शाबास म्हणायचो. तिलाही तेच म्हणालो.

पीठवाला म्हणून मतं मागितली मी, आणि पीठ खाल्लं तिनं. छातीत गेलं ते. शेवटच्या वर्षांत जिना चढताना मधे थांबायची आणि दारावरची वेल बघतेय असं दाखवायची. इंदूरच्या डॉक्टरनं विचारलं, घरी कोणी विडी पितं का. ती म्हणाली, "नाही हो, आमच्याकडे सगळे भाषणं करतात."

*

आता ती धारची गोष्ट. ही काही लपलेली नाही. आमच्या सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. लग्नात, बारशात, पंगत बसली की कोणीतरी म्हणायचंच, "वहिनी, ते चहाचं सांगा ना."

दुसरी निवडणूक. दिवस हेच, थंडीचे. तिचं माहेर धारला. तिच्या घरी खंडोबाचं नवरात्र असायचं आणि चंपाषष्ठीला मुलगी-जावई जोडीनं देवापुढं बसायची रीत. वांग्याचं भरीत, रोडगे, भंडारा. सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. त्यांचं एवढंच म्हणणं होतं की या वर्षी जोडीनं बसलेलं मला बघू द्या. मी शब्द दिला होता. ती आदल्या दिवशीच बसनं धारला गेली. मला पार्टीनं तिकडच्याच उमेदवारांसाठी पाठवलं होतं, म्हणून मी त्या दिवशी धारच्या डाकबंगल्यात होतो. सासूबाईंचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे.

नैवेद्याची वेळ होत आली तरी मी येईना, म्हणून ती तिच्या मामांना घेऊन डाकबंगल्यावर आली. मामांना आम्ही अण्णा म्हणायचो, जुन्या वळणाचा माणूस. बाहेर बाकावर अर्जवाले बसले होते. अण्णांनी तिला तिथं बसवलं आणि पडदा सारून आत डोकं घातलं. आत आम्ही नकाशा पसरून बसलो होतो, कुठल्या गावात कोण फिरला, कोण फुटला. अण्णा म्हणाले, "जावईबापू, मंडळी बाहेर बसलीय. केव्हाची वाट बघतेय."

मी नकाशावरून मान वर केली नाही. म्हणालो, "त्यांना चहा पाजा, अण्णा. म्हणावं धीर धरा, सगळ्यांचं काम होईल."

अण्णा बिचारे सरळ माणूस. जावयानं सांगितलं, त्यांनी केलं. तिला चहा आणून दिला आणि निरोपही दिला जसाच्या तसा.

शेजारी कुठल्याशा गावची एक बाई अर्ज घेऊन बसली होती. तिनं हिला विचारलं, "बई, थारो कंई काम हे?" ही म्हणाली, "म्हारो आदमी खोई गयो हे." माझा नवरा हरवलाय. त्या बाईनं हिच्या गुडघ्यावर हात ठेवला. म्हणाली, "मिली जायगा बई. विधायकजी भोत भला आदमी हे."

इथं पंगत हसून लोटपोट व्हायची. ती सांगायचीच तशी, त्या बाईचा आवाज काढून. आणि पुढचं वाक्य ती नेहमी हळू, पाणी वाढता वाढता म्हणायची, हसण्यात बुडून जाईल असं. "मग जीप मागच्या दारानं निघून गेली."

खरं आहे. पुढं अर्जवाल्यांची गर्दी, म्हणून मला मागच्या दारानं काढलं. धामनोदला सभा होती, घाट उतरून जायचं होतं. सभा चांगली झाली. ट्रकवाले, ढाबेवाले, हायवेची धूळ, आणि त्या धुळीत मी बोलत होतो की मी तुमच्या घरचा माणूस. इकडं ती देवापुढं एकटी बसली, शेजारी पाटावर माझा रुमाल ठेवून. अण्णांनी सुचवलं होतं म्हणे तसं. सासूबाईंनी बघितलं. पुढची चंपाषष्ठी त्यांना मिळाली नाही.

ती माझ्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर मी परत ओरडलो असतो, मला ते येतं. तिनं त्याची गंमत केली. आणि मी? मी प्रत्येक पंगतीत हसलो. सगळ्यांच्या आधी हसायचो, म्हणजे गोष्ट माझीच आहे असं वाटावं. कोणी नवा पाहुणा असला तर मीच म्हणायचो, "अगं, सांग ना ते चहाचं." चूक तर होऊन गेली होती, घाईत होते माणसाकडून. पण तीच चूक तिच्या तोंडून पुन्हा पुन्हा वाजवून घेतली, तिच्यावर टाळ्या घेतल्या, ते घाईत नव्हतं.

*

तिसऱ्या निवडणुकीत पडलो. चांगलाच पडलो. निकालाच्या दिवशी गुलाल दुसऱ्या गल्लीत गेला आणि आमच्या दारात कुत्रंही नव्हतं. सकाळी उठलो तर काय करायचं ते समजेना. चक्कीवर गेलो. ती पट्ट्याशी झगडत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "या विधायकजी. हा घसरतोय केव्हाचा. धरा जरा इकडून."

धरला. त्यानंतर बरीच वर्षं आम्ही दोघं चक्कीवर होतो. तीच वर्षं आमच्या संसाराची, असं मला आता वाटतं. हरल्यामुळं मिळालेली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की ती स्टुलावर बसून मटाराच्या शेंगा सोलायची, अर्ध्या मला द्यायची. पिठानं पांढऱ्या झालेल्या पापण्या. मी म्हणायचो, "तोंडाला फडकं बांध." ती म्हणायची, "गुदमरतं." तेवढ्यावर मी सोडून द्यायचो. कचेरीत लहानशा सहीसाठी दिवसभर भांडणारा मी, एका फडक्यासाठी भांडलो नाही.

*

आमचा विनायक, विन्या, माझ्यापेक्षा शिकलेला आहे. मराठी समजते, वाचायला कंटाळतो. त्याला यंदा पार्टीनं तिकीट दिलंय. घरात आनंद आहे आणि असावाच. चक्की आता त्याची बायको शुभा बघते. सकाळी तीच शटर वर करते. दगडांना टाकी लावायला माणूस येतो, एवढा फरक.

पर्चा, म्हणजे उमेदवारीचा अर्ज, भरायचा दिवस ठरला आणि शुभानं कॅलेंडर बघून सांगितलं, "त्याच दिवशी आईंची तिथी आहे. वर्षश्राद्ध."

विन्या म्हणाला, "अमावस्येला करू. गुरुजी म्हणतात चालतं. पर्चा तर मुहूर्तावरच भरावा लागेल. आणि बाबा, तुम्ही गाडीत माझ्या बाजूला पाहिजे. जुने लोक तुमच्याकडं बघून येतात. तुम्ही नाही दिसलात तर समोरचे बोलतील, देखो, बापच बेट्याबरोबर नाही."

हे खरं होतं. मी म्हणालो, "बघू." सबंध कारकीर्दीत मी हा शब्द सगळ्यात जास्त वापरला. हो नाही, नाही नाही. बघू.

विन्याला माझं तोंड उतरलेलं दिसलं असावं. मुलगा वाईट नाही. मला हसवायला म्हणून तो आईच्या फोटोकडं बघत म्हणाला, "आईला राग नाही यायचा, बाबा. आईला आपण चहा पाजू. म्हणावं धीर धर, सगळ्यांचं काम होईल!"

त्याच्याबरोबरची दोन पोरं हसली. सवयीनं माझंही हसू निघालं होतं, ओठापर्यंत आलं, आणि तिथंच थांबलं. गोष्ट सांगणारी नव्हती ना. पाणी वाढता वाढता पुढचं वाक्य म्हणणारं कोणी नव्हतं. ती गोष्ट आता अर्धीच उरली होती, चहापुरती. जीप मागच्या दारानं गेली, हे आता माझ्याशिवाय कोणाला आठवणार.

शुभा हसली नाही. ती वळून खोकली. पिठाचा खोकला मला ओळखू येतो, कोरडा असतो. मी म्हणालो, "तोंडाला फडकं बांधत जा गं."

ती म्हणाली, "गुदमरतं हो, बाबा."

मी उठलो, कपाटातून माझं सभेचं जुनं उपरणं काढलं, जे सत्कारात मिळालं होतं, आणि तिच्यापुढं धरलं. "बांध. मी इथंच उभा आहे." तिनं बांधलं. विन्यालाही म्हणालो, "दळणाला माणूस ठेव. आजच." तो म्हणाला, "इलेक्शननंतर बघू."

बघू.

*

गुरुजींना मी परस्पर सांगून ठेवलं होतं, तिथीलाच या, मी करीन. पण त्या दिवशी सकाळपर्यंत माझं मन पक्कं होतं असं कोणी समजू नका. धोतर नेसताना मी आरशात बघितलं आणि मला वाटलं, या धोतरावर हार शोभेल. म्हातारा झालो, बायको गेली, तरी गळ्याला हाराची खाज आहे ती आहेच. हेच मला तिच्या फोटोपुढं सांगता येत नाही. धारला मी घाईत होतो म्हणून देवापुढं गेलो नाही, ही सोय आहे बोलायची. मला त्या नकाशात, त्या सभेत आवडत होतं म्हणून गेलो नाही.

पाटावर बसलो. गुरुजींनी बोटात दर्भाची अंगठी घातली. म्हणाले, "आता मधे उठायचं नाही." स्वयंपाकघरात शुभा वडे तळत होती, आमसुलाच्या कढीचा वास येत होता. विन्या पांढरा कुर्ता घालून बाहेरच्या खोलीत फोनवर होता.

मग ढोल आले. गल्लीच्या तोंडाशी आधी बारीक, मग एकदम दारात. फटाक्यांची माळ लागली. घोषणेत विन्याचं नाव, आणि मग माझं. माझं नाव! किती वर्षांनी. माझा उजवा पाय पाटावर आपोआप ठेका धरायला लागला. मी बघत होतो, तो माझाच पाय होता. दर्भाच्या हातानं मी गुडघा दाबून धरला.

गल्लीतला राजू धावत आत आला, आपल्याच मराठी घरातला पोरगा, गळ्यात पार्टीचा गमछा. दारातून ओरडला, "दादासाहेब, चला ना! मंडळी बाहेर थांबलीय. केव्हाची वाट बघतेय."

मी मान वर केली. त्याच्याकडं नीट बघितलं. विचारलं, "कोणती?"

तो गोंधळला. "कोणती म्हणजे? अपनी... पार्टीची, भिया. म्हणजे, दादासाहेब."

एवढंच विचारायचं होतं त्या वेळी. एक शब्द. नकाशावरून मान वर करून एक शब्द.

"त्यांना चहा पाज," मी म्हणालो. "माझी मंडळी आत बसलीय."

विन्या उंबऱ्याशी आला होता. त्यानं ऐकलं. त्याच्या एका पायात जोडा होता आणि दुसरा हातात. तो तसाच उभा राहिला, एकदा बाहेर बघे, एकदा पाटाकडं. मी त्याला या म्हणालो नाही, जा म्हणालो नाही. बघू, असं मात्र म्हणालो नाही.

गुरुजींनी पळीत पाणी दिलं. म्हणाले, "कोणाचं श्राद्ध, नाव घ्या."

आमच्या घरात नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच.

"घ्या," गुरुजी म्हणाले. "मोठ्यानं घ्या, बाहेर ढोल आहे."

मी मोठ्यानं म्हणालो, "वत्सला."

स्वयंपाकघरातून शुभानं झारा हातात धरून डोकावून बघितलं, कोणी कोणाला हाक मारली म्हणून.